खोगीर घेताय? आधी घोड्याच्या पाठीचं माप घ्या

"तू लखनऊला राहतेस ना? मग तुला कानपूर म्हणजे हाकेच्या अंतरावर! तिथून आपल्या चांदणीसाठी एक चांगलं खोगीर बघ. पण बाई, बजेट फार नाही हं."

धुळ्याहून मामांचा हा फोन आला, तेव्हा मी जानकीपुरममधल्या माझ्या खोलीत लॅपटॉप उघडून बसले होते. कानपूर काही हाकेच्या अंतरावर नाही, इथून चांगलं ऐंशी-नव्वद किलोमीटर आहे. पण खोगीर म्हटलं की कानपूर, हे मामांनी कुठेतरी ऐकलं होतं आणि ते खरंही होतं. मला मात्र घोड्यांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पुढच्या दोन महिन्यांत मी जे शिकले, ते या लेखात सांगणार आहे. घरी घोडा असेल, मुलं रायडिंग शिकत असतील किंवा सुट्टीत माथेरानला घोड्यावर बसायची हौस असेल, तर हे वाचून ठेवा.

घोडं अडलं कुठे?

नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठावर सारंगखेडा हे गाव आहे. दत्तजयंतीला तिथे दत्ताची यात्रा भरते आणि त्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार असतो. मामांनी तिथून एक घोडी आणली. पांढऱ्या कपाळाची, शांत, मुलांच्या हातून गूळ खाणारी. नाव ठेवलं चांदणी. घोडीवर बरेच पैसे गेले, म्हणून खोगिराला हात आखडता घेतला. मोबाइलवर फोटो बघून एक खोगीर मागवलं. चकचकीत, तपकिरी, किंमतही खिशाला परवडणारी. वर्णनात लिहिलं होतं "१७ इंच". मामांना वाटलं, घोडी मध्यम आहे, १७ इंच बरोबर होईल.

पहिले आठ दिवस कौतुकात गेले. मग चांदणी बदलली. खोगीर दिसलं की कान मागे पाडायची. तंग आवळायला गेलं की मान वळवून चावायला बघायची. घरात सगळे म्हणाले, "लाडावली आहे." तिसऱ्या आठवड्यात खोगीर काढल्यावर, मानेची आयाळ संपते तिथल्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना केस झडलेले दिसले. एका बाजूला सूज होती आणि हात लावला की अंगावर काटा उठायचा. पशुवैद्यकांनी पाठ बघितली, खोगीर बघितलं आणि सांगितलं, "घोडी लाडावलेली नाही. हे तिच्या मापाचंच नाही. जखम पूर्ण भरेपर्यंत पाठीवर काहीही ठेवायचं नाही."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं आपण म्हणतो. घोड्याला कळतं, पण सांगता येत नाही. त्याच्याकडे कान, दात आणि शेपटी एवढंच असतं.

इंच कोणाचे? बसणाऱ्याचे!

पहिली चूक इथेच झाली होती आणि ती बहुतेक नवख्यांची होते. इंग्लिश पद्धतीच्या खोगिरावर लिहिलेले १६, १७ किंवा १८ इंच हे घोड्याचं माप नसून बसणाऱ्याच्या बैठकीचं माप असतं. पुढच्या बाजूच्या छोट्या खिळ्यापासून मागच्या कमानीच्या मध्यापर्यंत ते मोजतात.

घोड्यासाठी महत्त्वाची असते ती खोगिराच्या आतल्या सांगाड्याची रुंदी आणि आकार. चामड्याच्या आत लाकूड, धातू किंवा कृत्रिम पदार्थाचा एक सांगाडा असतो. पुढे त्याची कमान असते आणि तिचे दोन पाय घोड्याच्या दोन्ही बाजूंना उतरतात. घोड्याची पाठ अरुंद असेल तर कमान अरुंद हवी, पाठ रुंद असेल तर रुंद.

कमान अरुंद पडली तर खोगीर पुढून उचललं जातं आणि दोन्ही बाजूंना चिमटा बसतो. चांदणीचं तेच झालं. कमान रुंद पडली तर खोगीर पुढे झुकतं आणि थेट उंचवट्याच्या हाडावर बसतं. दुकानात नॅरो, मीडियम, वाइड असे शब्द कानावर पडतील. पण प्रत्येक कारखान्याचं मीडियम वेगळं असतं. कपड्यांच्या दुकानात एका कंपनीचा एम साइजचा कुर्ता बसतो आणि दुसरीचा बसत नाही, तसंच हे. म्हणून शब्दावर जाऊ नका, माप घेऊन जा.

तार, पुठ्ठा आणि कात्री

मामांनी विचारलं, "पण घोडी धुळ्याला आणि तू लखनऊला. माप घेणार कसं?" याचं उत्तर फार स्वस्त निघालं. वाकवली की तशीच राहणारी एक लवचिक पट्टी ड्रॉइंगच्या सामानाच्या दुकानात मिळते. ती नसेल तर विजेची जाड, एकेरी तांब्याची वायर चालते. मामांनी वायरच वापरली. पद्धत अशी:

१. घोडा सपाट जमिनीवर, चारही पायांवर सारखा भार देऊन उभा करा. मान सरळ हवी. खाली चरत असेल तर पाठीचा आकार बदलतो.

२. खांद्याचं पसरट हाड हाताने चाचपा. त्याच्या मागच्या कडेपासून दोन-तीन बोटं मागे तार आडवी टाका. ती पाठीवरून दोन्ही बाजूंना नीट दाबून बसवा.

३. तार हळूच उचला, पुठ्ठ्यावर ठेवा आणि आतल्या बाजूने पेन्सिल फिरवा. डावी बाजू कोणती, उजवी कोणती ते लगेच लिहा. पुष्कळ घोड्यांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा भरलेला असतो.

४. तिथून साधारण १० सेंटीमीटर मागे दुसरं माप घ्या. खोगीर संपेल त्याच्या थोडं अलीकडे तिसरं.

५. शेवटी तार पाठीच्या कण्यावर लांबीच्या दिशेने ठेवून चौथं माप घ्या. पाठ सरळ आहे की मध्ये खोलगट, हे त्यावरून कळतं.

६. पुठ्ठे कापा आणि प्रत्येकावर तारीख घाला. कापलेला पुठ्ठा पुन्हा घोड्यावर ठेवून बघा. फट राहिली तर माप चुकलंय.

सोबत पाठीची लांबीही मोजून घ्या. घोड्याला साधारणपणे बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. खोगिराचा भार खांद्याच्या हाडामागून सुरू होऊन शेवटच्या बरगडीच्या आत संपला पाहिजे. त्यामागच्या कमरेला खालून बरगड्यांचा आधार नसतो. आखूड पाठीच्या घोड्यावर लांब खोगीर टाकलं की ते कमरेवर जातं. हाताने शेवटची बरगडी शोधा, ती जिथून निघते तिथपर्यंत वर पाठीकडे जा आणि खडूने खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे खोगिरासाठी तुमच्याकडे असलेली जागा.

चांदणीची जखम भरून केस येऊ लागल्यावर मामांनी मापं घेतली. मामेभावाने पुठ्ठे वर्तमानपत्रात गुंडाळून कुरियर केले. माझ्या शेजारच्या काकूंनी ते बघून विचारलं, "ब्लाउजचा कट आहे का?" मी म्हटलं, "जवळपास तेच!"

कानपूरच का?

१८५७ नंतर कानपूर हे इंग्रजांच्या फौजेला चामड्याचं सामान पुरवणारं मोठं केंद्र झालं. १८६०च्या दशकात तिथे खोगिरं आणि घोड्यांचा साज बनवणारा सरकारी कारखाना उभा राहिला. गंगेकाठच्या जाजमऊ भागात कातडी कमावण्याचे कारखाने वाढले. फौजेतले घोडे कमी झाले, पण कारागिरांचे हात तिथेच राहिले. आज कानपूरची खोगिरं परदेशात जातात आणि 'कानपूर सॅडलरी'ला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. नागपूरच्या संत्र्याला किंवा पैठणीला मिळालं तसंच.

आपल्याकडेही ही परंपरा जुनी आहे. जीन, लगाम, रिकीब, तंग हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठीत इतके मुरले की परके वाटतच नाहीत. जीन बनवणारे ते जीनगर. मराठा फौजेत स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. ज्या प्रदेशाने घोड्यावरून इतिहास घडवला, तिथे आज मापाचं खोगीर शिवून देणारा माणूस शोधावा लागतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. निर्यातीसाठी बनवलेलं खोगीर परदेशातल्या रुंद पाठीच्या घोड्यांना धरून असू शकतं. आपले मारवाडी, काठियावाडी घोडे बांध्याने वेगळे असतात. दख्खनच्या भीमथडी घोड्याला तर अलीकडे स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. हा काटक, बुटका घोडा आणि त्याची आखूड पाठ यांना मोठ्या घोड्याचं खोगीर कसं चालेल? त्यामुळे खोगीर कुठलंही असो, बोलायचं पुठ्ठ्याने.

दुकानात काय बघाल?

एका रविवारी पुठ्ठ्यांची गुंडाळी काखोटीला मारून मी कानपूरला गेले. पहिल्या दोन दुकानांत मला रंग दाखवले, नक्षी दाखवली. पुठ्ठा काढला की लोक हसायचे. तिसऱ्या ठिकाणी एक वयस्कर कारागीर चाचा होते. त्यांनी पुठ्ठा हातात घेतला, उजेडात धरला आणि म्हणाले, "डावा खांदा भरलेला आहे हिचा." घोडी न बघता! मला तिथेच हायसं वाटलं.

त्यांनी खोगीर उलटं केलं आणि कमानीत पुठ्ठा बसवून दाखवला. तीन खोगिरांत तो अडकला, एकात सैल पडला. बसला तो नमुना म्हणून ठेवलेल्या एका जुन्या खोगिरात. रंग उतरलेला, चामड्यावर ओरखडे. पण सांगाडा शाबूत होता. चाचांनी तो कसा तपासायचा हेही शिकवलं. वापरलेलं खोगीर घेणार असाल तर हे करून बघा:

• खोगिराचा पुढचा भाग पोटाशी टेकवा आणि मागची कमान दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढा. थोडी लवचिकता चालते. कट-कट आवाज आला, मध्ये घडी पडली किंवा बैठकीवर सुरकुती उठली तर सांगाडा मोडलेला असू शकतो. फुकट मिळालं तरी घेऊ नका.

• पुढच्या कमानीचे दोन्ही पाय धरून आत-बाहेर दाबा. ते हलता कामा नयेत.

• खोगीर मागून डोळ्यांच्या रेषेत धरून बघा. दोन्ही गाद्या सारख्या आहेत का? मधली पन्हळ सरळ आहे का?

• तंग अडकवायच्या वाद्या आणि रिकिबीच्या वाद्या वाकवून बघा. तडे, झिजलेली भोकं, उसवलेली शिवण दिसली तर त्या बदलायचा खर्च किमतीत धरा. इथे चालढकल नको, कारण बसणाऱ्याचा जीव यावरच असतो.

• गाद्यांवरून तळहात फिरवा. गाठी, खड्डे, कडकपणा जाणवला तर आतलं भरण पुन्हा भरावं लागेल. हे काम होण्यासारखं आहे. मोडका सांगाडा दुरुस्त करण्यापेक्षा ते कितीतरी सोपं.

मी किंमत ठरवताना एक अट बिलावर लिहून घेतली: ठरलेल्या दिवसांत घोडीवर ठेवून बघायचं, बसलं नाही तर परत. बिलावर लिहून द्यायला जो तयार नसेल, त्याच्या तोंडी "बिनधास्त न्या"वर विसंबू नका.

पाठीवर ठेवल्यावर सात तपासण्या

सुट्टीला गावी जाताना खोगीर पुष्पक एक्सप्रेसमध्ये बर्थखाली ठेवलं होतं. समोरच्या आजोबांनी विचारलं, "वरातीला निघालात का?" घरी पोहोचल्यावर मामांना वाटलं, लगेच बसून एक फेरी मारावी. मी म्हटलं, "मामा, थांबा. आधी खाली काही न घालता नुसतं ठेवून बघू." नमदा घातला की चुका झाकल्या जातात, म्हणून पहिली तपासणी नेहमी उघड्या, स्वच्छ पाठीवर करतात.

१. जागा: खोगीर थोडं पुढे ठेवून मागे सरकवा. ते आपोआप जिथे थांबेल ती त्याची जागा. पुढची कड खांद्याच्या हाडामागे हवी, नाहीतर प्रत्येक पावलाला हाड त्यावर आपटतं.

२. उंचवटा: पुढची कमान आणि पाठीचा उंचवटा यांच्यामध्ये माणूस बसल्यावरही दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. बाजूंनाही मोकळीक हवी.

३. पन्हळ: मागून वाकून बघा. पुढून मागपर्यंत उजेड दिसला पाहिजे. पन्हळ तीन-चार बोटं रुंद असावी. कण्यावर कुठेही भार नको.

४. स्पर्श: गादीखाली हात घालून पुढून मागे न्या. दाब सगळीकडे सारखा लागला पाहिजे. पुढे घट्ट, मध्ये पोकळ, मागे घट्ट असं असेल तर खोगीर पुलासारखं दोन टोकांवर उभं आहे. सगळा भार त्या दोन जागी पडणार.

५. तोल: बाजूने बघा. बैठकीचा सर्वांत खोल भाग मध्यावर हवा. खोगीर पुढे किंवा मागे कललेलं नको. हाताने पुढे-मागे दाबल्यावर ते झोपाळ्यासारखं डुलत असेल तर पाठीचा आणि गादीचा बाक जुळत नाही.

६. लांबी: शेवटच्या बरगडीच्या खुणेपुढे खोगीर जाता कामा नये.

७. तंग: तंग कोपराच्या मागे साधारण चार बोटांवर यावा. एकदम आवळू नका. आधी सैल, दोन पावलं चालवून मग एक भोक, बसायच्या आधी आणखी एक.

हे सगळं जमलं की माणूस बसवून चालवा, मग दुडकी चाल बघा. घोडा पाऊल मोकळं टाकतोय का? कान, शेपटी शांत आहेत का? अर्ध्या तासाने खोगीर काढून घामाचे डाग बघा. दोन्ही बाजूंना सारखा घाम आला असेल तर छान. सगळीकडे ओलं आणि मध्येच एक छोटी कोरडी जागा असेल, तर तिथे एकतर दाब जास्त आहे किंवा खोगीर टेकतच नाही. हात घालून खात्री करा.

'खोगीरभरती' खरं तर महत्त्वाची!

आपण निरुपयोगी भरताडाला खोगीरभरती म्हणतो. जुन्या कापडी खोगिरात चिंध्या, काथ्या, जे हाताशी असेल ते कोंबत, त्यावरून हा शब्द आला. पण घोड्याला विचाराल तर तो म्हणेल, सगळं सुख त्या भरतीतच आहे. चांगल्या खोगिराच्या गाद्यांत लोकर भरतात, कारण ती काढता-घालता येते आणि घोड्याच्या बाजूंप्रमाणे कमी-जास्त करता येते. चाचांनी चांदणीच्या पुठ्ठ्याप्रमाणे एका गादीत भरण किंचित कमी केलं, ते याचसाठी. नवीन भरलेली लोकर पहिल्या काही महिन्यांत दबते, तेव्हा पुन्हा तपासणी हवीच.

आणि नमद्याचं काय? "घट्ट होतंय? मग खाली जाड नमदा घाला," हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. तो ऐकू नका. तंग बुटात दोन मोजे घातले तर बूट आणखीच चावतो. खोगीर किंचित रुंद असेल तर नमद्याने थोडी सोय होते. फौजेतही खोगिराखाली घोंगडीची घडी घालत. पण अरुंद खोगिरावर नमदा हा उपाय नाही.

कुठे वाचवाल, कुठे नाही?

बजेट कमी असलं की क्रम ठरवावा लागतो. आम्ही असा ठरवला:

• नक्षी, रंग, पितळेचे तुकडे यांवर पैसे वाचवा. घोड्याला आरसा लागत नाही.

• चांगला सांगाडा असलेलं जुनं खोगीर हे स्वस्त नव्या खोगिरापेक्षा केव्हाही बरं. शंभर रुपये असतील तर सगळे खोगिरावर घालवू नका. पंचवीस-तीस रुपये भरण, तंग, वाद्या आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा.

• कृत्रिम पदार्थांची खोगिरं हलकी, धुवायला सोपी आणि पावसाळ्यात बुरशी न धरणारी असतात. काहींची पुढची कमान बदलता येते. घोडा अजून वाढत असेल तर असं खोगीर परवडतं.

• चार-पाच वर्षांखालच्या घोड्यासाठी महागडं, मापून शिवलेलं खोगीर घेऊ नका. त्याची पाठ अजून बदलणार आहे.

• एकच खोगीर दोन घोड्यांना वापरायचं असेल तर दोघांचे पुठ्ठे लावून बघा. एकाला चालतं म्हणून दुसऱ्याला चालेलच असं नाही.

• बसणाऱ्याचं वजन विसरू नका. माणूस आणि साज मिळून घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांच्या आत असावेत, असा सर्वसाधारण दंडक आहे. ३०० किलोच्या घोड्याला ६० किलो ही वरची मर्यादा झाली. मापाचं खोगीरही जास्तीचं ओझं हलकं करत नाही.

घेतलेलं खोगीर टिकवणं ही सर्वांत मोठी बचत. रोज ओल्या फडक्याने घाम पुसा, चामड्याला अधूनमधून साबण आणि तेल लावा, उन्हात वाळवू नका. नमदा धुवा. वाळलेल्या घामाचं मीठ सँडपेपरसारखं घासतं. खोगीर घालण्याआधी पाठीला खरारा करा. एक कुसळही जखम करू शकतं. आणि दर तीन-चार महिन्यांनी जुना पुठ्ठा पाठीवर ठेवून बघा. पावसाळ्यात नुसतं उभं राहून आणि हिरवं गवत खाऊन घोड्याची पाठ बदलते. मग तेच खोगीर चावायला लागतं.

आपला घोडा नसेल तरी...

माथेरानला मोटारींना बंदी आहे, तिथे पुष्कळ जण घोड्यावरून फिरतात. महाबळेश्वरला मुलं घोड्यावर बसल्याशिवाय परत येत नाहीत. इथे लखनऊमध्ये बड्या इमामबाड्याजवळ टांगे दिसतात. अशा वेळी बसण्याआधी एक मिनिट थांबा. खोगिराच्या कडेला उघडी जखम, सूज, माश्या दिसतात का? तंगाजवळ कातडी सोललेली आहे का? पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके असतील तर ती बहुधा जुन्या दाबाची खूण असते. ताजी जखम दिसली तर दुसरा घोडा मागा आणि कारण शांतपणे सांगा. जखमी जनावराला कामाला लावणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पण घोडेवाल्यावर ओरडून काही होत नाही. त्याचं घर त्याच घोड्यावर चालतं. नमदा धुणं, शिवण नसलेली गुळगुळीत घडी घालणं, पाठ रोज तपासणं, या गोष्टींना पैसे फार लागत नाहीत. मुलांना या खुणा ओळखायला शिकवा. ती मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

चांदणी आता

त्या दिवशी सातही तपासण्या झाल्यावर मामांनी तंग हळूहळू आवळला. आम्ही सगळे श्वास रोखून चांदणीच्या कानांकडे बघत होतो. तिने एकदा मान वळवली, खोगीर हुंगलं आणि पुन्हा समोर बघायला लागली. चावली नाही. मामा खुंटावर घातलेल्या त्या जुन्या चकचकीत खोगिराकडे बघत म्हणाले, "एवढं बोलत होती बिचारी, आणि आम्ही म्हणत होतो लाडावली."

तिच्या उंचवट्याच्या डाव्या बाजूला आता रुपयाएवढा पांढऱ्या केसांचा ठिपका आहे. तो बहुधा जाणार नाही. मामा रोज खरारा करताना तिथे हात थांबवतात.

पुठ्ठे मामींनी गोठ्यातल्या खिळ्याला टांगून ठेवलेत, तारखेसकट. पुढचं माप दिवाळीत घ्यायचं ठरलंय. तुमच्या घरी घोडा असेल तर आजच वायरचा एक तुकडा शोधा. खोगीर नंतर बघता येईल.